स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे; ३० ऑगस्ट १८८३ – १८ एप्रिल १९६६) हे योगविद्येचे मराठी संशोधक, शिक्षक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. आसने, प्राणायाम, बंध आणि शुद्धिक्रिया यांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण, दाबमापक व रक्तदाबमापक अशा उपकरणांनी तपासून पाहणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९२४ मध्ये त्यांनी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले, तर १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय स्थापन केले. गुरूकडून शिष्याकडे खासगीत जाणाऱ्या एका विद्येला त्यांनी वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची चौकट दिली. योग शिकलेल्या तरुणाला शिक्षक किंवा उपचारक म्हणून समाजात स्थान मिळण्याचा मार्ग या चौकटीमुळे खुला झाला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म गुजरातमधील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते, आईचे नाव सरस्वती. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षणासाठी त्यांना बरेच कष्ट सोसावे लागले. १९०३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. संस्कृतवरील हे प्रभुत्व त्यांना पुढे हठयोगाचे मूळ ग्रंथ वाचताना व संपादित करताना उपयोगी पडले.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते बडोद्यास गेले. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत बडोदा हे शिक्षण, ग्रंथालये आणि व्यायामशाळा यांसाठी नावाजलेले संस्थान होते. अरविंद घोष या काळात बडोद्यात अध्यापन करीत असत. त्यांच्या राष्ट्रीय विचारांचा तरुण गुणे यांच्यावर प्रभाव पडला आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या होमरूल चळवळीनेही ते भारावले. आजन्म ब्रह्मचारी राहून आयुष्य देशसेवेस वाहण्याचा निश्चय त्यांनी तारुण्यातच केला.

दोन गुरू

कुवलयानंदांच्या जडणघडणीत दोन गुरूंचा वाटा मोठा होता. पहिले गुरू बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी त्यांच्याकडे भारतीय पद्धतीच्या शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. त्या काळच्या आखाड्यात दंड, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब यांबरोबर आणखी एक विद्या शिकायला मिळत असे. लचकलेला स्नायू चोळणे, मुरगळलेला पाय सरळ करणे, निखळलेला सांधा बसवणे ही कामे उस्तादांच्या हातची समजली जात. माणिकराव या विद्येतही निष्णात म्हणून ओळखले जात. गावोगावचे हाडवैद्यही हेच काम पिढीजात करीत. ही विद्या उपयुक्त होती, पण तिचा अभ्यासक्रम नव्हता. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून, पाहून आणि करून जे साधेल तेवढेच शिक्षण, आणि उस्तादाचा शब्द हेच प्रमाणपत्र.

दुसरे गुरू परमहंस माधवदास. नर्मदेच्या काठी मालसर येथे राहणाऱ्या या वयोवृद्ध योग्याची गुणे यांच्याशी १९१९ मध्ये भेट झाली. त्यांच्याकडून गुणे यांनी आसन, प्राणायाम, बंध, मुद्रा आणि शुद्धिक्रिया यांचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. याच माधवदासांचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली होती. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी योग मठाबाहेर, गृहस्थांच्या जगात आणला.

अमळनेर येथील अध्यापन

गुणे यांचा मूळ पेशा शिक्षकाचा होता. खानदेशातील अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्थेतील राष्ट्रीय वातावरण ब्रिटिश सरकारला रुचले नाही व १९२० मध्ये हे महाविद्यालय बंद पडले.

अमळनेरच्या वर्षांत त्यांना खेड्यापाड्यांतील अज्ञान, रोगराई आणि अंधश्रद्धा जवळून दिसल्या. स्वातंत्र्याची आकांक्षा बाळगणाऱ्या समाजाला आधी आरोग्य व शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांचे मत झाले. त्यांची बुद्धी तर्कनिष्ठ होती. योगाचे जे परिणाम त्यांनी स्वतः अनुभवले, त्यांचे कारण केवळ श्रद्धेवर सोडून देण्यास ते तयार नव्हते. शिक्षकाला आपण शिकवतो ते खरे का, हे सांगता आले पाहिजे, हीच शिस्त त्यांनी योगालाही लावली.

बडोद्यातील प्रयोग

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान बंध आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. नौली करताना साधक श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढतो आणि पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढून फिरवतो. जलबस्ती या शुद्धिक्रियेत पाण्यात बसलेल्या साधकाच्या मोठ्या आतड्यात पाणी आपोआप ओढले जाते, असे परंपरेने सांगितले जाई. हे कशामुळे घडते, हा प्रश्न होता.

क्ष-किरणांची छायाचित्रे आणि दाबमापक यांच्या साहाय्याने कुवलयानंदांना असे आढळले की, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि या अंशतः निर्वातामुळे पाणी वर चढते. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी या निर्वाताला माधवदासांचे नाव दिले. जी गोष्ट योग्यांची गूढ सिद्धी मानली जात होती, ती स्नायूंच्या हालचालीने आणि दाबातील फरकाने समजावून सांगता आली. ती नीट समजल्यावर कोणत्याही निरोगी विद्यार्थ्याला पायरीपायरीने शिकवताही येऊ लागली.

कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना झाली. मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान, बोरघाटाच्या माथ्यावरील हे ठिकाण हवेशीर व रेल्वेने सहज पोहोचता येण्याजोगे होते. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ प्रसिद्ध होऊ लागले. या त्रैमासिकाची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. त्यात प्रयोगांचे अहवाल देणारा शास्त्रीय विभाग, त्यांचा अर्थ उलगडणारा अर्धशास्त्रीय विभाग आणि सामान्य वाचकाला आसने शिकवणारा लोकप्रिय विभाग असे भाग असत. डॉक्टर, शिक्षक आणि घरी व्यायाम करणारा गृहस्थ या तिघांनाही एकाच अंकात आपापल्या उपयोगाचा मजकूर मिळत असे.

पुढील काळात सर्वांगासन, मत्स्यासन यांच्या वेळचा रक्तदाब आणि प्राणायामातील वायूंची देवघेव अशा विषयांवर प्रयोग झाले. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू साठतो, हा समज तेव्हाही प्रचलित होता. कुवलयानंदांच्या मोजमापांतून त्याला आधार मिळाला नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नसून ते अन्यत्र शोधले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्याच नियतकालिकात मांडला. योगाच्या प्रचारकाने योगाविषयीची एक लोकप्रिय समजूत स्वतःच्या प्रयोगाने खोडून काढल्याचे हे उदाहरण त्यांच्या कामाची पद्धत दाखवते.

परदेशी अभ्यासकही लोणावळ्यात येऊ लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंधित असलेले मूळचे केरळचे मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहानन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी येथे योगाचा अभ्यास केला. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक या अभ्यासावर आधारलेले आहे. १९३७-३८ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या अमेरिकी प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन यांनी कैवल्यधामास भेट दिली. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक आपली उपकरणे घेऊन भारतात आले तेव्हा लोणावळा हे त्यांच्या प्रयोगस्थानांपैकी एक होते.

उपचार आणि शारीरिक शिक्षण

कैवल्यधामाच्या मुंबईतील कार्याचा आरंभ १९३२ मध्ये सांताक्रूझ येथे झाला. १९३६ मध्ये ते चौपाटीजवळ स्थलांतरित होऊन ‘ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र’ या नावाने ओळखले जाऊ लागले. येथे येणाऱ्याची आधी वैद्यकीय तपासणी होई, मग त्याचे वय, प्रकृती आणि तक्रार पाहून आसने व श्वसनक्रिया ठरवल्या जात. सर्वांना एकच क्रम देण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी रक्तदाबाच्या त्रासाच्या काळात त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता. औषधाविना उपचार हा गांधींच्याही जिव्हाळ्याचा विषय होता. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, तो त्यांच्याच प्रेरणेने.

शाळांमधील शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातही कुवलयानंदांचे कार्य महत्त्वाचे आहे. मोठ्या समूहाला एकत्र करता येतील अशा योगव्यायामांची मांडणी त्यांनी केली. ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक (१९३६) त्याच प्रयत्नाचा भाग होते. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना तयार करणारी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शाळेत व्यायाम शिकवणारा माणूस हा प्रशिक्षित शिक्षक असला पाहिजे, ही कल्पना तेव्हा नवी होती. पूर्वी निवृत्त सैनिक किंवा आखाड्यातील पहिलवान यांच्यावर हे काम सोपवले जाई.

औषधविरहित पद्धती आणि त्यांचे शिक्षण

कुवलयानंदांच्या कार्याकडे जागतिक संदर्भात पाहिल्यास त्याचे वेगळेपण ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत औषध न देता हातांनी उपचार करणाऱ्या दोन पद्धती उदयास आल्या. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीची शाळा काढली. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९७ मध्ये आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिक या, मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करण्याच्या पद्धतीची शाळा सुरू केली.

पामर यांच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न असे. शिक्षण झाले, हात बसला, रुग्णही येऊ लागले, पण कायद्याने या व्यवसायाला मान्यता नव्हती. परवान्याविना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून अनेकांवर खटले झाले. स्वतः पामर यांना १९०६ मध्ये तुरुंगात जावे लागले. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये या व्यवसायाला परवाना देणारा पहिला कायदा केला आणि लुइझियाना या शेवटच्या राज्यात तो होण्यास १९७४ साल उजाडले. या साठ वर्षांत कायरोप्रॅक्टिक शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पदविकेचे मोल तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून होते. शाळा आधी, परवाना नंतर आणि शास्त्रीय कसोटी त्याहून नंतर, असा त्या पद्धतीचा प्रवास झाला.

कुवलयानंदांनी क्रम उलटा ठेवला. त्यांनी आधी प्रयोग केले, मग त्यांचे निष्कर्ष छापून टीकेसाठी खुले ठेवले, त्यानंतर आरोग्य केंद्र चालवून उपचारांचा अनुभव घेतला आणि अखेरीस महाविद्यालय काढले. पहिल्या प्रयोगांपासून महाविद्यालयापर्यंत सुमारे तीस वर्षे गेली. योगाला त्यांनी वैद्यकशास्त्राचा प्रतिस्पर्धी मानले नाही. रोगनिदान डॉक्टरने करावे आणि योगशिक्षकाने आपल्या मर्यादेत राहून साहाय्य करावे, ही भूमिका त्यांच्या संस्थेने घेतली. त्यामुळे डॉक्टरांचे सहकार्य त्यांना सुरुवातीपासून मिळत गेले.

योग महाविद्यालय

१९४४ मध्ये ‘कैवल्यधाम श्रीमन्माधव योगमंदिर समिती’ स्थापन होऊन संस्थेच्या कार्याला संघटित रूप आले. १९५१ मध्ये लोणावळ्यात ‘गोवर्धनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय’ सुरू झाले. तरुणांना बौद्धिक व आध्यात्मिक दृष्ट्या तयार करून समाजसेवेसाठी पाठवणे, हा त्याचा हेतू होता.

या शिक्षणात तीन अंगांचा मेळ घातलेला होता. पातंजल योगसूत्रे व हठयोगाचे ग्रंथ यांचा अभ्यास हे पहिले अंग. शरीररचना व शरीरक्रिया यांचे ज्ञान हे दुसरे. स्वतःचा नित्य सराव आणि दुसऱ्याला शिकवण्याची पद्धत हे तिसरे. ग्रंथ पाठ असलेल्या पण शरीर न जाणणाऱ्या पंडिताला किंवा आसने उत्तम करणाऱ्या पण कारण न सांगता येणाऱ्या साधकाला या योजनेत पूर्ण शिक्षक मानले जात नसे. मान, पाठ, कंबर यांच्या दुखण्याने त्रस्त माणूस समोर आला, तर त्याला कोणते आसन द्यावे याइतकेच कोणते देऊ नये हेही शिक्षकाला माहीत असणे आवश्यक होते.

विद्यार्थ्याच्या भवितव्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ मोठा होता. पूर्वी योग शिकलेल्याला एक तर संन्याशाचे जीवन पत्करावे लागे किंवा खासगी शिकवण्यांवर अवलंबून राहावे लागे. संस्थेच्या शिक्षणामुळे शाळा, महाविद्यालये आणि आरोग्य केंद्रे यांना निवडीसाठी एक निकष मिळाला. अर्थात हे शिक्षण म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे, ही मर्यादा कायम राहिली.

१९६० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात ‘श्रीमती अमोलक देवी तीरथराम गुप्ता योगिक रुग्णालय’ सुरू झाले. जुनाट कार्यात्मक विकारांवर योगोपचार करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. शिक्षण, संशोधन आणि उपचार ही तिन्ही कामे त्यामुळे एकाच आवारात आली.

ग्रंथलेखन

‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही कुवलयानंदांची इंग्रजी पुस्तके १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. कृती, तिचा शरीरावरील परिणाम, घ्यावयाची काळजी आणि पथ्ये अशी त्यांची क्रमवार मांडणी पुढील अनेक योगपुस्तकांनी स्वीकारली. एस. ए. शुक्ल यांच्यासह त्यांनी ‘गोरक्षशतक’ या संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती १९५८ मध्ये सिद्ध केली. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचाराच्या तत्त्वांवरील पुस्तक १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. योगोपचाराला सरकारी आरोग्य खात्याच्या प्रकाशनात स्थान मिळाल्याचे ते एक आरंभीचे उदाहरण होय.

मूल्यमापन

कुवलयानंदांच्या संशोधनाच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. त्यांचे आरंभीचे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर झाले. आज वैद्यकीय संशोधनात अपेक्षित असणारे तुलनागट त्यांत नव्हते. प्राण, कुंडलिनी यांसारख्या सूक्ष्म संकल्पनांवर त्यांची स्वतःची श्रद्धा होती, मात्र उपकरणांनी मोजता आले ते स्नायू, दाब आणि वायू. मानवशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी आधुनिक भारतातील योगाविषयीच्या २००४ मधील ग्रंथात या ताणाची सविस्तर चर्चा केली आहे. तरीही योगाविषयीचा दावा तपासून पाहता येतो आणि तो चुकीचा ठरल्यास सोडून द्यावा लागतो, हा दंडक घालून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

निधन आणि वारसा

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्यानंतर शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली. हठयोगाच्या ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या काढण्याचे काम पुढे चालू राहिले आणि ‘योगमीमांसा’ आजही प्रसिद्ध होते.

त्यांनी आखलेली दिशा नंतरच्या सरकारी धोरणांतही दिसते. योग व निसर्गोपचार यांतील संशोधनासाठी १९७८ मध्ये केंद्रीय परिषद स्थापन झाली. २०१७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत योग हा स्वतंत्र विषय झाला. त्यामुळे योगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना विद्यापीठात अध्यापनाचा रीतसर मार्ग उपलब्ध झाला. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, त्यांच्या जन्मदिनीच, भारतीय टपाल खात्याने आयुष पद्धतींतील थोर उपचारकांवर काढलेल्या टपाल तिकिटांच्या संचात स्वामी कुवलयानंद यांच्या तिकिटाचा समावेश होता.